९५ चं पेट्रोल टाकलं की ॲव्हरेज वाढतं का?

प्रश्न देवगडहून आला आहे. थोडक्यात असा: २०१९ ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, ७८ हजार किलोमीटर चाललेली. आठवड्यातून एकदा फोंडा घाटाने कोल्हापूर, बाकी दिवस देवगड, जामसंडे, तळेबाजार अशी जवळजवळची धाव. पूर्वी लिटरला १८ किलोमीटर मिळायचे, वर्षभरात १६ वर आलं. पंपावरच्या मुलाने सांगितलं म्हणून दोन वेळा ९५ ऑक्टेनचं महाग पेट्रोल टाकलं, तर डॅशबोर्डवर १७.४ दिसलं. आता मेव्हणा म्हणतो, १०० चं टाक, गाडी पळेल. तर ९५ चालू ठेवायचं का, १०० टाकून बघायचं का, आणि असं अदलाबदल केल्याने इंजिन बिघडतं का?

मी कणकवलीत २६ वर्षं गॅरेज चालवतो. घाट उतरून येणारी आणि घाट चढायला निघालेली, दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं माझ्याकडे थांबतात, त्यामुळे हा प्रश्न महिन्यातून चार वेळा तरी ऐकतो. तुमच्या गाडीपुरतं उत्तर आधीच देतो. ९५ मुळे तुमचे दीड किलोमीटर परत आले असतील असं मला वाटत नाही, आणि १०० वर पैसे घालू नका. बदलल्याने इंजिनाला काही होत नाही. पण दोन किलोमीटर गेले हे खरं आहे, आणि ते कुठे गेले हा तुमचा मूळ प्रश्न आहे. पेट्रोल बदलून तो प्रश्न झाकला जाईल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा ऑक्टेन म्हणजे काय ते बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. आकडा मोठा म्हणजे पेट्रोलमध्ये जोर जास्त, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. ऑक्टेन हा पेट्रोलचा जोर नव्हे, सोशिकपणा आहे. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण पिस्टन दाबतो, दाबल्यावर ते तापतं. ठिणगी पडली की प्लगपासून ज्योत कडांकडे पसरत जायला हवी. पण दाब आणि उष्णता पेट्रोलला सोसली नाही, तर ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं. एकदम भडका उडतो आणि तो आवाज आपल्याला टकटक किंवा खडखड असा ऐकू येतो. यालाच आम्ही नॉकिंग म्हणतो. हे सोसण्याची ताकद मोजायला आयसो-ऑक्टेनला १०० आणि हेप्टेनला ० धरतात. ९५ म्हणजे ९५ भाग आयसो-ऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेन यांचं मिश्रण जितकं सोसेल तितकं हे पेट्रोल सोसतं. त्या आकड्यात उष्णतेचा हिशेब कुठेच येत नाही. दोन्हींत इथेनॉल सारख्याच प्रमाणात मिसळलेलं असेल तर ९१ च्या एका लिटरमध्ये आणि ९५ च्या एका लिटरमध्ये जळून मिळणारी उष्णता जवळपास सारखीच असते.

मग काही गाड्यांत फरक पडतो तो का? पूर्वीच्या फियाट, मारुती ८०० मध्ये टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडायची ती वेळ, आम्ही हाताने डिस्ट्रिब्युटर फिरवून लावायचो. पेट्रोल कसंही आलं तरी टायमिंग तेच राहायचं. आता इंजिनाच्या ब्लॉकला एक छोटा सेन्सर बोल्टने आवळलेला असतो. तो नॉकिंगचा हादरा पकडतो, आणि लगेच ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, ठिणगी थोडी उशिरा पाडायला सांगतो. इंजिन वाचतं, पण ठिणगी उशिरा पडली की मिश्रण जळून दाब तयार होईपर्यंत पिस्टन खाली निघालेला असतो. पडवीतल्या झोपाळ्याला धक्का देताना वेळ चुकली की हात तेवढाच दुखतो पण झोका वाढत नाही, तसं होतं. उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी सायलेन्सरमधून बाहेर जाते. पिकअप मार खातो आणि ॲव्हरेजही.

म्हणजे जास्त ऑक्टेनचं पेट्रोल नवीन काही देत नाही. इंजिन नॉकिंगच्या भीतीने मागे सरत असेल, तर जेवढं मागे सरलं तेवढंच परत मिळतं. मागे सरतच नसेल, तर परत मिळण्यासारखं काही नाही. ज्या गाडीच्या पुस्तकात ९१ लिहिलंय, ती कमी भारात, सपाट रस्त्यावर चालते तेव्हा ९५ घातलं काय आणि १०० घातलं काय, तिला कळतसुद्धा नाही.

इथे एक खुलासा. अमेरिकेतले व्हिडिओ बघून बरेच जण येतात आणि म्हणतात, तिकडे तर ८७ वर गाड्या पळतात. तिकडची मोजायची पद्धत वेगळी आहे, दोन चाचण्यांची सरासरी काढून पंपावर लिहितात. तिकडचं ८७ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९१. तिथल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१६ मध्ये तपासणी केली तेव्हा साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांना महाग पेट्रोलने काहीही फायदा झाला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी कंपनीनेच महाग पेट्रोलची शिफारस केलेल्या गाड्या घेतल्या, तेव्हा ॲव्हरेज सरासरी २.७ टक्के वाढलं. ज्या गाड्यांना त्याची गरज होती त्यांच्यातसुद्धा वाढ एवढीच होती.

माझ्या अनुभवातली एक गाडी सांगतो, म्हणजे कुठे फरक पडतो ते दिसेल. २०२३ चा मे महिना. वैभववाडीकडचे एक शिक्षक, १ लिटरची टर्बो पेट्रोल गाडी. तक्रार अशी की फोंडा घाटात दुसऱ्या वळणानंतर इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. मी ईसीयूमधले आकडे दाखवणारा स्कॅनर लावला आणि त्यांच्या शेजारी बसून घाटात गेलो. डिकीत आंब्याच्या सहा पेट्या, मागे दोन माणसं, एसी चालू, बाहेर उकाडा. तिसरा गिअर, आरपीएम दोन हजारच्या खाली, पाय दाबलेला. चढावर टायमिंग कमी होणारच, ते मी धरत नाही. पण नॉकिंगमुळे ईसीयू किती मागे येतो याचा वेगळा आकडा स्क्रीनवर दिसतो, तो ४, ५, ६ अंश असा वर जात होता आणि त्याच वेळी आवाज येत होता. मी म्हटलं, सर, दुसऱ्यात घ्या. दुसऱ्यात घेतल्याबरोबर आरपीएम तीन हजारावर गेले, आवाज थांबला आणि तो आकडा शून्यावर आला.

नंतर त्यांनी ९५ वर चार टाक्या चालवल्या आणि माझ्या सांगण्यावरून प्रत्येक टाकीचा हिशेब लिहिला. १४.१ वरून १४.६. म्हणजे साडेतीन टक्के वाढ झाली, हे नक्की. पण पेट्रोल त्यापेक्षा जास्त टक्क्यांनी महाग होतं. त्यांनी मग ठरवलं की हंगामात पेट्या भरून घाट चढायचा असेल तेव्हाच ९५ टाकायचं, आणि बाकी वेळी गिअर वेळेवर खाली टाकायचा. मला तो निर्णय पटला. टर्बो गाडीत जोरात भार घेताना नॉकिंग होत राहिलं तर पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटू शकतो, आणि ते काम पेट्रोलच्या फरकापेक्षा कितीतरी महाग पडतं. तिथे मी पैशाचा हिशेब दुय्यम धरतो.

पण हे २०२३ चं. तेव्हा आमच्या पंपांवर साध्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल होतं. आता २० टक्के आहे, आणि त्याने सगळं गणित बदललं. तुमच्या प्रश्नात इथेनॉलचा उल्लेखच नाही, पण माझ्या मते गेलेल्या दोन किलोमीटरांतला बऱ्यापैकी वाटा तिथला आहे.

इथेनॉलच्या दोन गोष्टी एकदम लक्षात ठेवायच्या. त्याचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच जास्त, १०८ च्या आसपास. आणि त्याच्यात उष्णता पेट्रोलपेक्षा बरीच कमी, लिटरला साधारण एक तृतीयांश कमी. बीएस ६ च्या साध्या पेट्रोलला किमान ९१ ऑक्टेन लागायचा. २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर तो ९५ च्या घरात जातो, हे पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्वतःच सांगितलं. म्हणजे आज तुम्ही साधं म्हणून जे भरता तेच जवळपास ९५ आहे. वरचे पैसे मोजून तुम्ही घेता ती मुख्यतः इंजेक्टर साफ ठेवणारी द्रव्यं. ती निरुपयोगी नाहीत, पण त्यांनी दोन टाक्यांत दीड किलोमीटर वाढत नाही.

दुसरीकडे उष्णतेचं बघा. शुद्ध पेट्रोलमध्ये लिटरला साधारण ३२ मेगाज्यूल, इथेनॉलमध्ये २१. दहा टक्क्यांचं मिश्रण घेतलं तर ३१ च्या जरा खाली, वीस टक्क्यांचं घेतलं तर ३० च्या जरा खाली. दहावरून वीसवर येताना साडेतीन टक्के उष्णता कमी झाली. तुमच्या १८ मधून साडेतीन टक्के गेले की राहिले १७.४. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात गाडीप्रमाणे वेगवेगळे आकडे आहेत: १० टक्क्यांसाठी बनवून २० साठी ट्यून केलेल्या गाड्यांना १ ते २ टक्के घट, आणि मुळात बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवून १० साठी ट्यून केलेल्या चारचाकींना ६ ते ७ टक्के. तुमची २०१९ ची गाडी यांपैकी कुठे बसते ते कंपनीने कसं बनवलंय यावर आहे. अर्धा ते एक किलोमीटर तिथे गेला असं धरून चाला. तो ९५ भरून परत येणार नाही, कारण त्या पेट्रोलमध्येही सहसा इथेनॉल असतंच.

आता मेव्हण्यांच्या १०० बद्दल. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये एक्सपी १०० आणलं, ते ज्या इंजिनांत दाब फार जास्त असतो त्यांच्यासाठी, म्हणजे महागड्या गाड्या आणि मोठ्या मोटारसायकली. असं पेट्रोल बिनइथेनॉलचं मिळालं तर त्यात उष्णता सात टक्क्यांच्या आसपास जास्त असते, आणि तेवढं ॲव्हरेज वाढेलही. पण हिशेब मांडून बघा. साधं पेट्रोल १०५ रुपये धरू, ९५ चं ११२, १०० चं १६०. किलोमीटरचा खर्च तेवढाच राहायला ९५ वर तुमची गाडी १६ वरून १७.१ वर जायला हवी. १०० वर ती २४ च्या वर जायला हवी. सात टक्के धरले तर जाईल ती १७.१ वर. भाव तुमच्या पंपावरचा घाला, उत्तरात फारसा फरक पडणार नाही.

मग १७.४ दिसलं ते? डॅशबोर्डवरचा आकडा ईसीयूने इंजेक्टर किती वेळ उघडले यावरून काढलेला अंदाज असतो. ट्रिप शून्य केली नसेल तर तो जुन्या किलोमीटरांची सरासरीही त्यात धरतो. त्याशिवाय महाग पेट्रोल भरलं की आपण जरा जपून चालवतो. मी स्वतःला असं करताना पकडलं आहे. आणि तुमच्या बाबतीत सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे घाट. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. माणसं आणि सामान धरून तेराशे किलोची गाडी तेवढी वर न्यायला, इंजिन उष्णतेतला पाव हिस्सा कामाला लावतं असं धरलं, तर नुसत्या चढणीचं साधारण लिटरभर पेट्रोल लागतं. उतरताना गिअरमध्ये ठेवून पाय सोडला की इंजेक्टर बंदच असतात, तिथे पेट्रोल जवळपास लागत नाही. ज्या टाकीत दोनदा चढणं आणि एकदा उतरणं आलं ती आणि ज्या टाकीत एकदा चढणं आणि दोनदा उतरणं आलं ती, या दोन टाक्यांत पेट्रोल तेच असूनही किलोमीटरभराचा फरक आरामात पडतो.

म्हणून मोजायचं ते असं. एकच पंप, जमलं तर तेच नोझल, शक्यतो सकाळी. पहिल्या ऑटो कटला, म्हणजे नोझल आपोआप बंद होतं तिथे, थांबायचं, वर गोल रक्कम करायला अजून भरायचं नाही. किलोमीटर लिहायचे. पुढची टाकी पाव राहीपर्यंत चालवायची, आणि भरायला याल तेव्हा कोल्हापूरची फेरी पूर्ण झालेली असावी, अर्धवट नको. पुन्हा पहिल्या कटला भरायचं, बिलावरचे लिटर घ्यायचे, किलोमीटरला लिटरने भागायचं. अशा साध्या पेट्रोलच्या तीन टाक्या, आणि ९५ तपासायची वेळ आलीच तर मग त्याच्या तीन. ९५ ची पहिली टाकी हिशेबात धरू नका, कारण जुनं पेट्रोल त्यात मिसळलेलं असतं आणि ईसीयूलाही नवीन इंधनाशी जुळवून घ्यायला थोडा वेळ लागतो. एका टाकीवरून निष्कर्ष काढायचाच नाही. ऑटो कट अर्धा लिटर अलीकडे पलीकडे झाला तरी ३० लिटरच्या टाकीत पावणेदोन टक्के इकडे तिकडे होतात.

आता राहिलेला एक-दीड किलोमीटर. तो बहुतेक चाकांत किंवा इंजिनाच्या तापमानात सापडेल, असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं. किनाऱ्यावरच्या गाड्यांना एक रोग असतो जो घाटमाथ्यावरच्या गाड्यांना क्वचित होतो. खारी हवा, चार महिने पाऊस, आणि हँडब्रेक ओढून उभी गाडी. मागच्या ब्रेकच्या ड्रमला गंज धरतो, लायनर चिकटतो, हँडब्रेकची वायर गंजून परत पूर्ण सुटत नाही. पुढच्या ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना सुकतात आणि पॅड डिस्कला घासत राहतो. गाडी चालते, आवाजही येत नाही, पण दिवसभर थोडा ब्रेक लागलेला.

मालवणहून मासळी घेऊन फिरणारा एक मुलगा दोन वर्षांपूर्वी आला. छोटी पेट्रोल व्हॅन. म्हणाला, "मेस्त्री, गाडी नुसता पेट्रोल पिता." तीन महिने तो महाग पेट्रोल टाकत होता, कोणीतरी सांगितलं म्हणून. मी काही उघडलं नाही. त्याला म्हटलं, चल, हायवेवर एक फेरी मारून येऊ, शेवटी ब्रेक न मारता गाडी नुसती थांबू दे. थांबल्यावर चारही चाकांच्या रिमपाशी हाताची मागची बाजू नेली. तीन चाकं कोमट. मागचं डावं चाक असं तापलेलं की हात जवळ ठेववेना, आणि जळक्या लायनरचा वास. ड्रम काढला तर व्हील सिलिंडर एका बाजूने पूर्ण अडकलेला, आतून तपकिरी गंजाची पूड खाली पडली. सिलिंडर बदलला, लायनर घासून बसवले, हँडब्रेकची वायर नवीन टाकली. पुढच्या महिन्यात त्याने हिशेब करून सांगितला: ११ चं १३ झालं होतं, आणि तेही साध्या पेट्रोलवर. मला वाईट याचं वाटलं की तीन महिने महाग पेट्रोलवर घातलेले पैसे त्या मुलाच्या नफ्यातून गेले होते, आणि आजार चाकात होता.

हीच परीक्षा तुम्ही घरी करा. रिमला थेट हात लावू नका, जवळ न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट तापलेलं असेल तर पेट्रोलचा विषय तिथेच बाजूला ठेवा आणि गाडी मेकॅनिककडे न्या. पावसाळ्यात अंगणात गाडी लावताना हँडब्रेकऐवजी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली जांभ्याचा चिरा लावलात तर हे दुखणं बरंच टळतं.

तापमानाचं असं. देवगड ते जामसंडे म्हणजे जेमतेम तीन-चार किलोमीटर. एवढ्यात इंजिन तापतच नाही, आणि थंड इंजिनाला ईसीयू जास्त पेट्रोल देतो. दिवसभरात अशा सहा फेऱ्या असतील तर तेवढ्यानेही ॲव्हरेज पडतं, त्यात बिघाड काही नाही. पण जरा लांब गेल्यावरही तापमानाचा काटा मध्यावर येत नसेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा वॉल्व्ह, बहुतेक उघडा अडकला आहे. हा स्वस्त भाग आहे आणि ७८ हजारावर तो जाणं नवल नाही. बरोबरीने एअर फिल्टर, प्लग, आणि चाकांतली हवा गाडी थंड असताना दारावरच्या स्टिकरप्रमाणे तपासून घ्या. यांचा प्रत्येकी वाटा लहान, पण मिळून जाणवतो.

७८ हजारावर आणखी एक शक्यता, आणि तिचा ऑक्टेनशी खरोखर संबंध आहे. छोट्या धावांनी पिस्टनच्या डोक्यावर आणि वॉल्व्हवर कार्बन बसतो. कार्बनने जागा अडली की दाब वाढतो, आणि तो थर तापून स्वतःच ठिणगीचं काम करतो. अशी गाडी नवी असताना ज्या पेट्रोलवर शांत चालायची त्याच पेट्रोलवर टकटक करायला लागते. मग ९५ टाकून आवाज गेला तर मालकाला वाटतं औषध लागू पडलं. अशा वेळी मी आधी इंजेक्टर आणि थ्रॉटल साफ करतो, प्लग काढून बघतो, आणि गाडी महिन्यातून दोन-तीनदा लांब, मोकळ्या रस्त्यावर जाते का ते विचारतो. तुमची तर दर आठवड्याला कोल्हापूरला जाते, त्यामुळे तुमच्याकडे कार्बनची शक्यता मी कमी धरतो. तरी घाटात कान द्या. काच खाली, रेडिओ बंद, डोंगराच्या कडेने चढताना आवाज भिंतीवर आपटून परत येतो, तिथे सगळ्यांत स्पष्ट ऐकू येतो.

पाण्याबद्दलही सांगायला हवं, कारण पाऊस सुरू झाला की पेट्रोलच्या दर्जाची खरी अडचण आपल्याकडे ती असते. पूर्वी पेट्रोलमध्ये पाणी गेलं की ते टाकीच्या तळाशी बसायचं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, थोडं असेल तर ते मिसळून जळूनही जातं. पण मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला उतरतात आणि वर इथेनॉल निघून गेलेलं पेट्रोल उरतं. त्याचा ऑक्टेनही पडलेला असतो, कारण वाढवणारं इथेनॉलच खाली गेलं. भरून निघाल्यावर पाच-दहा किलोमीटरांत गाडी थरथरू लागली, चढावर टकटक सुरू झाली, चेक इंजिनचा दिवा लागला, तर थांबा आणि बिल जपून ठेवा. पंपावर घनता दाखवायला सांगणं, फिल्टर पेपरवर थेंब टाकून बघणं, पाच लिटरच्या मापात मोजून घेणं हा आपला हक्क आहे, आणि मी तो वापरतो. मुंबईकरांची गावच्या घरी महिनोन्महिने बंद राहणारी गाडी असेल, तर ती अर्ध्या टाकीवर सोडू नये. टाकी भरून ठेवावी म्हणजे आत दमट हवेला जागा कमी राहते, आणि अधूनमधून कोणाला तरी ती दहा-पंधरा किलोमीटर फिरवायला सांगावं.

बदलल्याने इजा होते का, याचं उत्तर वर दिलंच आहे. ९१, ९५, १०० एकाच टाकीत मिसळली तरी चालतं, मधला ऑक्टेन तयार होतो. पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा वरचं टाकलं तर नुकसान फक्त खिशाचं. खालचं मात्र टाकू नये. तुमच्या २०१९ च्या गाडीत ऑक्टेनपेक्षा इथेनॉलमुळे रबराच्या नळ्या आणि वॉशर यांच्याकडे लक्ष द्या. सर्व्हिसिंगला गाडी वर घेतली की इंधनाच्या नळ्यांना चिरा, ओल, पेट्रोलचा वास आहे का ते बघायला सांगा, आणि कोणते भाग बदलायचे ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरवरून विचारा.

तर तुम्ही असं करा. या आठवड्यात चाकांची परीक्षा आणि तापमानाचा काटा. मग साध्या पेट्रोलच्या तीन टाक्यांचा हिशेब वर सांगितल्याप्रमाणे. घाटात टकटक ऐकू आली तर ती कोणत्या गिअरला, किती आरपीएमवर, गाडीत किती माणसं होती आणि दुसऱ्यात घेतल्यावर थांबली का, एवढं लिहून ठेवा. हे आकडे हाती आले की मला पाठवा. टकटक दुसऱ्यातही थांबत नसेल, तर ९५ च्या तीन टाक्या करून बघायला मी स्वतः सांगेन. त्याआधी नको.